लाकडातली दोन बिऱ्हाडं : वाळवी आणि भुंगा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. वाशी, जि. धाराशिव)



आजचा विषय निम्मा घराचा आहे आणि निम्मा शिवाराचा. आपल्या वाशी तालुक्यात अजून पुष्कळ गावांत माळवदाची घरं उभी आहेत. खाली खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गोठ्याला बाभळीच्या मेढी असतात. दाराला चौकट असते. शेतात कोपी असते. म्हणजे आपल्या डोक्यावरचं छप्पर आणि आपल्या जनावरांचं छप्पर लाकडाच्या जिवावर उभं आहे. म्हणून लाकडाला भोक दिसलं, खाली भुसा पडलेला दिसला की घरधनी घाबरतो आणि म्हणतो, "लाकडाला कीड लागली, औषध आणा."

पण कीड कोणती, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही. इथंच गफलत होते. आपल्या लाकडात दोन प्रकारची बिऱ्हाडं राहतात. एक वाळवीचं. तिलाच काही जण उधई म्हणतात. दुसरं भुंग्याचं, म्हणजे तुरीवर आणि रुईवर घुं घुं करत फिरणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याचं. दोघांचा पत्ता एकच, लाकूड. पण वागणं अगदी निरनिराळं. वाळवी लाकूड खाते, भुंगा लाकूड खात नाही. वाळवी गुपचूप काम करते, भुंगा सगळ्यांच्या देखत करतो. भुंग्याचं भोक डोळ्याला दिसतं म्हणून आपण त्याच्यामागे लागतो, आणि वाळवी तुळईचं टोक आतून रिकामं करत असते तिकडे आपलं लक्ष जात नाही. यात पैसा जातो, उपयोगाचा कीटक मरतो आणि घराचा धोका आहे तिथंच राहतो. तेव्हा ही दोन बिऱ्हाडं ओळखायची कशी आणि कोणाशी कसं वागायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

वाळवीचं बिऱ्हाड

वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नव्हे. तिचं खरं नातं झुरळाशी आहे. तिचं एकत्र कुटुंब फार मोठं, त्यात लाखो जीव असतात. कामकरी वाळवी आंधळी, मऊ आणि फिकट रंगाची असते. खाणं आणणं, माती लिंपणं, पिलांना भरवणं ही सगळी कामं तिचीच. शिपाई वाळवीचं डोकं मोठं आणि जबडा दणकट असतो. तिचं काम राखणीचं. आणि वारुळाच्या पोटात, मातीच्या घट्ट खोलीत राणी असते. तिचं पोट फुगून ती बोटाएवढी लांब होते. तिला स्वतःला हलताही येत नाही. दिवसाला हजारो अंडी घालणं एवढंच तिचं काम, आणि ते ती वर्षानुवर्षं करते.

आपल्या शिवारात जी वारुळं दिसतात ती याच वाळवीनं बांधलेली असतात. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो. नागाचं घर म्हणून करतो, पण नाग तिथं आयता येऊन राहतो. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

आता एक गंमत ऐका. वारूळ करणारी ही वाळवी लाकूड, काडीकचरा, वाळलेला पाला तोडून आत नेते आणि त्यावर एक प्रकारची बुरशी वाढवते. ही बुरशी लाकडाचा कठीण भाग कुजवून मऊ करते आणि मग ते वाळवीच्या कुटुंबाचं अन्न होतं. म्हणजे आपण जसं शेत करतो तसं वाळवी बुरशीचं शेत करते. पावसाळ्यात काही वारुळांवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्या याच बुरशीच्या.

या बुरशीला आणि वाळवीच्या मऊ अंगाला ओल लागते. ऊन आणि कोरडी हवा वाळवीला सोसत नाही. उघड्यावर आली तर ती वाळून मरते, किंवा मुंग्या तिला धरतात. म्हणून ती जिथं जाईल तिथं मातीचा बोगदा करत जाते. भिंतीवर, खांबावर, झाडाच्या सालीवर मातीच्या ज्या रेघा दिसतात, तो तिचा झाकलेला रस्ता असतो. बंधूंनो, वाळवीचा सगळा बंदोबस्त या एका गोष्टीवर आहे. तिला जमिनीतली ओल आणि जमिनीपासून लाकडापर्यंतचा झाकलेला रस्ता लागतो. तो रस्ता तोडला की तिचं काम अडतं.

भुंग्याचं बिऱ्हाड

भुंगा हा मधमाशीच्या गणगोतातला. पण मधमाशीसारखं त्याचं पोळं नसतं आणि वाळवीसारखं खटलं नसतं. इथं एकेक मादी आपला संसार एकटी करते. अंगानं ती जाड, काळी कुळकुळीत, पंखांवर निळी-जांभळी झाक. काही जातींत पाठीवर पिवळी लव असते.

मादी वाळलेलं, मेलेलं लाकूड पाहते. शेवग्याचं किंवा पांगाऱ्याचं वठलेलं खोड, वळचणीचा वासा, मांडवाचा बांबू, रंग न दिलेली कडी. आपल्या जबड्यानं ती त्याला गोल भोक पाडते. सुतारानं गिरमिटानं पाडावं इतकं साफ. बोट जाईल एवढं. थोडं आत गेलं की भोक वळतं आणि लाकडाच्या रेषेनं पुढे जातं. त्या बोगद्यात ती फुलातले पराग आणि मध यांची गोळी ठेवते, गोळीवर एक अंडं घालते आणि लाकडाच्या भुश्याचा पडदा लावून ती खोली बंद करते. मग पुढची गोळी, पुढचं अंडं, पुढचा पडदा. अशा ओळीनं खोल्या. अळीचं पोट त्या गोळीवर भरतं. लाकूड ना आई खाते, ना पिल्लू.

आपल्या जुन्या माणसांना हे चांगलं ठाऊक होतं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात भुंग्याचा दृष्टांत आहे. वाटेल तसलं कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा भाव. पारायणाला बसणाऱ्यांनी तो ऐकलेला आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी सन 1290 ची. सातशे वर्षांहून जास्त काळ झाला, मराठी माणसाला भुंगा लाकडात काय करतो हे माहीत आहे. विसर पडला तो अलीकडे.

भुंगा चावेल, डसेल ही भीती घरात असते. तोंडासमोर येऊन एकाच जागी घोंगावतो तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते. मादीला नांगी असते, पण तिला मुठीत धरलं किंवा चेपलं तरच ती डसते. पोरांना एवढं सांगावं की भोकात काडी घालू नका आणि भुंगा हातात धरू नका.

दोघांच्या खुणा

आता ओळखायचं कसं ते पाहू. घरातल्या बायामाणसांनीही या खुणा ध्यानात ठेवाव्या, कारण झाडलोट करताना भुसा आणि माती आधी त्यांनाच दिसते.

पहिली खूण मातीची. लाकडावर किंवा भिंतीवर मातीची रेघ, मातीचा पापुद्रा असेल तर वाळवी. भुंगा कधी माती आणत नाही.

दुसरी खूण भोकाची. साफ गोल, बोटाएवढं, एकटंदुकटं भोक असेल तर भुंगा. वाळवी बाहेरून भोक दाखवत नाही. ती वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते आणि आतून खाते.

तिसरी खूण खाली पडणाऱ्या वस्तूची. भोकाच्या खाली जाडसर, करवतीखाली पडतो तसा भुसा पडला असेल तर भुंगा काम करतो आहे. वाळवीचा भुसा पडत नाही, पडली तर माती पडते.

चौथी खूण आवाजाची. हातोडीच्या दांड्यानं लाकूड ठोकून पाहावं. भरीव लाकूड टणक वाजतं. वाळवीनं खाल्लेलं पोकळ वाजतं. शंका आली तर पोती शिवायचा दाभण टोचावा. चांगल्या लाकडात तो शिरत नाही. खाल्लेल्या लाकडात सहज आत जातो.

पाचवी खूण जागेची. वाळवी खालून, ओलीच्या बाजूनं येते. खांबाचा बुडखा, चौकटीचा तळ, भिंतीत गेलेलं तुळईचं टोक या तिच्या जागा. भुंगा वर, कोरड्या, उन्हाच्या बाजूला जागा धरतो.

इथं आणखी एका बारीक किड्याचं नाव घेतलं पाहिजे, नाहीतर घोटाळा होईल. बांबूतून किंवा नव्या चौकटीतून कणकेसारखी मऊ, बारीक पावडर गळते आणि टाचणीच्या डोक्याएवढी पुष्कळ भोकं दिसतात. हे काम ना वाळवीचं, ना भुंग्याचं. ते घुणाचं. लाकडातल्या आणि बांबूतल्या पिठूळ अंशावर तो जगतो. बांबू तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला, मग सावलीत वाळवला, तर तो अंश निघून जातो आणि घुण कमी लागतो.

पहिल्या पावसानंतरची एक खूणही सांगतो. मृगाचा पाऊस पडला की संध्याकाळी दिव्यावर पंखांची पाखरं झुंडीनं येतात आणि सकाळी ओसरीवर नुसत्या पंखांचा सडा पडलेला असतो. ती पंख फुटलेली वाळवी असते. नवी वारुळं वसवायला ती निघालेली असते. पंख फुटलेल्या मुंग्याही याच दिवसांत निघतात. फरक असा : वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर अगदी बारीक. एखाद्या संध्याकाळी दिव्यावर पाखरं आली म्हणजे घराला वाळवी लागली असं नाही. पण पाखरं तुमच्या भिंतीच्या फटीतून किंवा खांबाच्या बुडातूनच बाहेर पडताना दिसली, तर बिऱ्हाड घरातच आहे असं समजावं.

घराचं लाकूड कसं राखावं

बंधूंनो, माळवदाच्या घरात तुळई म्हणजे नुसतं लाकूड नव्हे, वरच्या सगळ्या मातीचा भार तिच्यावर असतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा आणि लोहारा भागातली गावं त्यात उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाचा जड थर खाली आला. पण खांब-तुळयांचा सांगाडा जिथं धडधाकट होता, तिथं काही ठिकाणी भिंती पडूनही छप्पर खांबांवर उभं राहिलं, असं नंतर पाहणी करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. यावरून लाकडाचं मोल ध्यानात घ्यावं. वाळवीनं पोकळ केलेली तुळई भूकंपाचीही वाट पाहत नाही. श्रावणात माळवद भिजून जड झालं की ती मोडू शकते.

म्हणून दर वर्षी उन्हाळ्यात, वैशाखात, पुढील कामे करावीत.

एक : प्रत्येक खांबाचा बुडखा आणि प्रत्येक तुळईची दोन्ही टोके ठोकून व दाभण टोचून पाहावीत. भिंतीत गेलेले टोक सर्वांत धोक्याचे असते, कारण गळतीचे पाणी तेथेच मुरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दोन : मातीचे बोगदे खरवडून काढावेत. आठ-पंधरा दिवसांनी परत पाहावे. बोगदा पुन्हा लिंपलेला दिसला तर वाळवी जिवंत आहे आणि याच वाटेने येत आहे, असे समजावे.

तीन : खांब मातीत गाडू नये. आपल्या जुन्या सुतारांनी खांबाखाली दगडाचा उथळा ठेवण्याची रीत पाडली. त्यामुळे लाकूड ओलीपासून वर राहते आणि वाळवीला दगडावरून उघड्यावर यावे लागते, म्हणजे तिचा बोगदा आपल्याला दिसतो. नवीन गोठा बांधताना हा उथळा विसरू नये. दगड नसेल तर सिमेंटचा ठोकळा करावा. मेढ गाडावीच लागत असेल तर तिचा गाडला जाणारा भाग आणि जमिनीवर वीतभर भाग पूर्ण वाळवून त्याला डांबर लावावे.

चार : माळवदाची गळती पावसापूर्वी बंद करावी. मात्र दर वर्षी नुसता नवा थर चढवत जाऊ नये. जुनी सैल माती काढून मग नवी घालावी. नाहीतर तुळईवरचा भार वाढत जातो.

पाच : तुराट्या, पळाट्या, सरपण भिंतीला लावून रचू नये. दगडांवर आडवी लाकडे टाकून, भिंतीपासून दोन हात दूर रचावे. भिंतीला टेकलेली तुराटीची गंजी म्हणजे वाळवीला घातलेली शिडीच.

सहा : एखादी तुळई पोकळ निघाली तर खाली लगेच टेकू द्यावा, वरचा भार कमी करावा आणि जाणत्या सुताराकडून ती बदलून घ्यावी. पोकळ लाकडावर औषध ओतल्याने ते भरीव होत नाही.

आता भुंग्याचं. जाड तुळईला भुंग्याची एक-दोन भोकं पडली म्हणून ती मोडत नाही. मात्र तेच तेच जुने बोगदे भुंगे दर वर्षी वापरतात आणि वाढवतात. त्यामुळे बारीक वासा किंवा मांडवाचा बांबू काही वर्षांत कमजोर होऊ शकतो, हेही खरं आहे. अशा वेळी विषाची गरज नाही. भुंग्याला रंगवलेलं, तेल दिलेलं लाकूड आवडत नाही. लाकडाला रंग किंवा तेलाचा हात द्यावा. भोक रिकामं झाल्याची खात्री करून, म्हणजे काही दिवस ये-जा दिसली नाही की, लाकडी खुंटी ठोकून ते बुजवावं. आणि त्याला दुसरी जागा द्यावी. ती कशी, ते पुढे सांगतो.

शेतातली वाळवी

शेतात वाळवी हरभरा, गहू, भुईमूग, उसाचं बेणं आणि फळझाडांची नवी रोपं यांना त्रास देते. पण तिची एक सवय ओळखून ठेवा. ती टवटवीत झाडापेक्षा सुकलेल्या, रोगानं खचलेल्या, पाण्याच्या ताणाला आलेल्या झाडाला आधी धरते. पावसानं ओढ दिली की वाळवीचा उपद्रव वाढतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट अर्धवट कुजलेल्या शेणखताची. कच्चं खत, त्यातला काडीकचरा म्हणजे वाळवीला आमंत्रण. आपणच गाडी भरून तिला जेवण नेऊन टाकतो आणि मग ती जेवण संपल्यावर पिकाकडे वळते. शेणखत पूर्ण कुजवूनच शेतात टाकावे. धसकटे वेचावीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. फळझाडाच्या खड्ड्यात निंबोळी पेंड घालावी आणि रोपाला ताण पडू देऊ नये.

आंब्याच्या खोडावर मातीचे पापुद्रे दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याखाली वाळवी वरची मेलेली सालच खात असते. पापुद्रे खरवडून काढावेत, खोड धुवावे आणि दोन-अडीच हात उंचीपर्यंत मोरचूद-चुन्याची पेस्ट लावावी. मात्र खोडाला भोक असून त्यातून भुसा व चीक येत असेल, तर तो खोडकिडा आहे. त्याचा उपाय निराळा, तो जाणकाराला झाड दाखवूनच करावा.

वारूळ फोडलं की वाळवी गेली, असं नाही. वरचा मातीचा ढीग ती परत बांधते, राणी खाली सुरक्षित असते. राणी काढली तरी काही वेळा कुटुंब दुसरी राणी उभी करतं. म्हणून पडीक माळावरची, घरापासून आणि पिकापासून दूरची वारुळं फोडण्याच्या भरीस पडू नये. वारुळात हात तर कधीच घालू नये, आत नाग-साप असतो.

आणि वाळवी सगळीकडे वैरीणच, असंही समजू नका. येडशीच्या रामलिंग घाटातल्या जंगलात जाऊन पाहा. पडलेलं झाड, गळलेल्या फांद्या, पाचोळा यांची माती करणारी पहिली मजूर वाळवी आहे. तिच्या बोगद्यांतून पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. जंगल हे तिचं मूळ घर. तिथं ती कामाची. आपल्या तुळईत ती नको, एवढंच.

भुंगा आपल्याला काय देतो

भोपळा, दोडका, घोसाळं यांच्या वेलावर नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं असतं. कोणीतरी पराग इकडून तिकडे नेल्याशिवाय फळ धरत नाही. हे काम मधमाश्यांबरोबर भुंगा करतो. वांग्याच्या फुलातले पराग नळीत कोंडलेले असतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, घुंई आवाज होतो आणि पराग मिठासारखे झडतात. आपली पोळ्याची मधमाशी असं करू शकत नाही. शेवग्याच्या फुलावर भुंग्याची फेरी फार उपयोगी पडते. बांधावरच्या रुईला बोंडं धरतात तीही मुख्यतः भुंग्यामुळे.

तुरीचं फूल स्वतःच्या परागावरही शेंग धरतं. तरी भुंगे आणि माश्या एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला नेतातच. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं तुरीचे संकरित वाण तयार केले, ते कीटकांच्या याच कामाच्या भरवशावर. यात आपल्यासाठी एक सावधगिरीही आहे. घरचं बी राखायचं असेल आणि शेजारी दुसऱ्या वाणाची तूर असेल, तर भुंगा दोन्ही वाणांची सरमिसळ करतो. म्हणून बियाण्यासाठी झाडं बांधाकडची न घेता शेताच्या मधली निवडावीत.

भुंग्याला जागा देण्याचा उपाय सोपा आहे. वाळलेल्या बांबूची वीतभर कांडी घ्यावीत. एका बाजूला पेर बंद, दुसरी बाजू उघडी, आत बोट जाईल एवढी पोकळी. अशी आठ-दहा कांडी एकत्र बांधून कोपीच्या वळचणीला, पावसाचं पाणी लागणार नाही अशी आडवी टांगावीत. बांधावरचं एखादं वठलेलं शेवग्याचं किंवा पांगाऱ्याचं खोड, अंगावर पडण्याचा धोका नसेल तर, उभं राहू द्यावं. तुरीच्या फुलोऱ्यात घाटेअळीसाठी फवारणी करावीच लागली तर सूर्य मावळण्याच्या सुमारास करावी. भरदुपारी फुलावर फवारलं तर अळीबरोबर आपले मजूरही मरतात.

औषधाबद्दल दोन शब्द

जुन्या पिढीला वाळवी म्हटलं की बी.एच.सी. पावडर आठवते. एके काळी तिची शिफारस होती, हे खरं आहे. पण ते विष वर्षानुवर्षं मातीत राहतं, चाऱ्यातून दुधात उतरतं. म्हणून बी.एच.सी.वर आपल्या देशात 1997 पासून बंदी आहे. ॲल्ड्रीनही बंद झालं आहे. कोणाच्या माळ्यावर असली जुनी पुडी पडली असेल, तर ती वापरू नये, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. कृषी खात्याच्या माणसाला दाखवून विल्हेवाट लावावी.

आज कोणतं औषध कशाला चालतं, याचे नियम बदलत असतात. म्हणून वाळवीसाठी औषध लागणारच असेल, तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. पुडीवरचे लेबल वाचून घ्यावे. धान्याच्या कणगीजवळ, चुलीजवळ, गव्हाणीजवळ आणि आडाच्या काठाशी औषध कधीही वापरू नये. पोखरलेल्या लाकडाचा नमुना आणि किडा काडेपेटीत घालून सोबत न्यावा. किडा पाहिल्याशिवाय दुकानदारानं दिलेलं औषध घेऊ नये.

थोडक्यात सांगायचं तर

माती दिसली तर वाळवी, गोल भोक आणि जाड भुसा दिसला तर भुंगा, कणकेसारखी पावडर दिसली तर घुण.

वाळवी ओलीतून, जमिनीवरून येते. तिचा रस्ता तोडा, लाकूड दगडावर घ्या, गळती थांबवा.

भुंगा लाकूड खात नाही, फक्त राहतो. त्याला बांबूची कांडी द्या, तुमच्या कडीला तेलाचा हात द्या.

शेणखत कुजवून टाका, सरपण भिंतीपासून दूर ठेवा.

आणि मृग निघण्याच्या आधी एक सकाळ काढून घरातला प्रत्येक खांब आणि प्रत्येक तुळई ठोकून पाहा. ही पाहणी फुकट आहे. तिला लागतो फक्त एक दाभण आणि एक हातोडी.

हे पत्रक घरात वाचून दाखवावे आणि शेजाऱ्यालाही द्यावे.